गाणं संपतं तिथून पुढं : लघुपटाच्या संगीताबद्दल वाचकांचे प्रश्न

फोनवर सिनेमा चित्रित करणारी मंडळी आता तालुक्या-तालुक्यांत आहेत. चित्र बरं जमतं, गाडी अडते ती संगीतात. त्यातही ओळखीचं गाणं आणि स्वतः बांधलेलं पार्श्वसंगीत एकाच सिनेमात नांदवायचं असेल तर जास्तच. या वेळचे प्रश्न त्याबद्दलच आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, भाषा ज्याची त्याची ठेवली आहे.

आमी गावातले सहा पोट्टे मिळून जागलीवर बावीस मिनिटांची फिल्म करून राहिलो. रानडुकरं हाकलाले रातभर मचाणावर बसलेला बुढा, बाजूले रेडिओ, त्यावर जुनं हिंदी गाणं. गाणं संपलं का आमचं म्युझिक सुरू होते. पण तेथंच असं वाटते का दुसरीच फिल्म लागली. काय चुकून राहिलं?
— आर्वी, जि. वर्धा

बहुतेक सा चुकतोय. आधी गाण्याचा सा काढा. पेटी घ्या किंवा फोनवरचं ट्यूनर ॲप, आणि मुखडा जिथं येऊन विसावतो तो स्वर धरा. समजा तो काळी दोनच्या (पेटीच्या सप्तकातल्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या) आसपास आला. आसपास म्हणायचं कारण असं की जुन्या ध्वनिमुद्रणांत टेपचा वेग नेहमी नेमका नसे. त्यामुळे सूर पेटीच्या पट्टीपेक्षा वीस-तीस सेंट वर किंवा खाली सापडतो (लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे १०० सेंट). गाण्याला हात लावू नका, आपलं वाद्य हलवा. तंबोरा आणि तारवाद्य तेवढं चढवता-उतरवता येतं. पेटीचं ध्वनिमुद्रण करून ते एडिटिंगमध्ये तेवढ्या सेंटनी सरकवायचं. इतक्या थोड्या बदलानं पेटीचा आवाज बिघडत नाही.

पार्श्वसंगीताचा सा गाण्याचाच ठेवा, नाहीतर गाण्याचा पंचम किंवा मध्यम सा म्हणून धरा. काळी दोनच्या गाण्याला काळी पाच किंवा काळी चार. काळी दोनमधून थेट पांढरी तीनमध्ये शिरलात की तुम्ही म्हणता ती ‘दुसरी फिल्म’ लागते.

आता भाव. रात्र, एकटेपणा, भीती म्हटलं की मालकंस राग आठवतो. हरकत नाही, पण मालकंसात रे आणि प नाहीत, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार पंचमात न लावता मध्यमात लावा. मोठी अडचण गंधाराची येते. बऱ्याच जुन्या गाण्यांत शुद्ध गंधार (ग) ठासून भरलेला असतो. त्याच सा वर लगेच कोमल गंधार वाजला तर ऐकणाऱ्याला तो बेसूर वाटतो, उदास वाटत नाही. म्हणून गाणं संपल्यावर दहा-बारा सेकंद नुसता सा आणि मध्यम धरून ठेवा. गंधार येऊच देऊ नका. तेवढ्यात कान आधीचा गंधार विसरतो. मग कोमल गंधार एकदाच, लांब, बासरीवर किंवा सारंगीवर येऊ द्या.

शेतातल्या रात्रीच्या दृश्यात आणखी एक सूर लपलेला असतो, तो कोणी मोजत नाही. तो म्हणजे डीपीची गुणगुण. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर तिच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झवर गुणगुणतो. खर्जातली पांढरी पाच ९८ हर्ट्झची. म्हणजे डीपीचा सूर पांढरी पाचच्या सुमारे ३५ सेंट वर. तुमचा सा काळी दोन असेल तर ही गुणगुण बरोबर शुद्ध गंधारावर पडते, तीही किंचित चढी. चित्रीकरण डीपीजवळ झालं असेल तर तुम्ही कितीही कोमल गंधार वाजवा, खाली कुणीतरी शुद्ध गंधार धरून बसलेलाच आहे. अशा वेळी संवादाच्या ट्रॅकवर १००, २०० आणि ३०० हर्ट्झला अगदी अरुंद काप द्या, म्हणजे इक्वलायझरनं तेवढेच सूर उतरवा. नाहीतर मालकंस सोडा आणि डीपीलाच तंबोरा माना. पांढरी पाच ३५ सेंट चढवून तोच सा धरला तर गुणगुण संगीतात विरघळते. न चढवता नुसती पांढरी पाच वाजवली तर ९८ आणि १०० मध्ये सेकंदाला दोन ठोके पडतात, आवाज हेलकावत राहतो. बुढ्याला डुलकी लागते आणि कुठंतरी खसफस होते अशा जागी हे हेलकावे मुद्दाम वापरावेत. फुकटात इतकी अस्वस्थता दुसरीकडे मिळत नाही.

सांधा असा घाला. तंबोरा गाणं संपल्यावर सुरू करू नका, संपायच्या आठ-दहा सेकंद आधी गाण्याच्या खाली अगदी बारीक सुरू करा. गाणं रेडिओतून येतंय, म्हणून ते अरुंद ठेवा. मीडियम वेव्हवर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं काही उरत नाही आणि छोट्या स्पीकरला २०० च्या खालचं जमत नाही, तेवढाच पट्टा राखा. तंबोरा मात्र पूर्ण रुंदीचा असू द्या. मग गाणं मचाणावर राहतं आणि तंबोरा बुढ्याच्या डोक्यात. गाणं तोडायचं तर मुखडा संपून समेवर आल्यावर, किंवा मुखडा आणि अंतऱ्यामधल्या वाद्यांच्या तुकड्यात. शब्दाच्या मध्ये तोडलंत तर प्रेक्षक पुढचा शब्द मनात म्हणत बसतो आणि तुमचा पहिला स्वर वाया जातो. रेडिओची खरखर आणि बंद केल्याचा खटका वेगळा ध्वनिमुद्रित करून ठेवा. खटक्यानंतर दोन-तीन सेकंद नुसती रात्र सोडली तर कित्येकदा सांध्याची गरजच पडत नाही.

त्यासाठी प्रत्येक जागेचा किमान एक मिनिट मोकळा आवाज घ्या, सगळ्यांनी गप्प उभं राहून. रातकिडे बहुतेक ४ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ओरडतात, म्हणून त्या दृश्यात घुंगरू, मंजिरी, उंच बासरी टाकू नका. ती ऐकूच येत नाहीत, आणि ऐकू यावीत म्हणून वाढवली की टोचतात. खर्ज आणि मध्यसप्तक मोकळं असतं, तिथं काम करा.

लयीचा हिशेब सोपा आहे. गाण्याचे १५ सेकंदांतले ठोके मोजा, चारनं गुणा. २५ फ्रेमच्या चित्रात मिनिटाला ७५ ठोक्यांची लय म्हणजे एका ठोक्याला बरोबर २० फ्रेम, १०० ची लय म्हणजे १५ फ्रेम. गाणं ७३ ला चालत असेल तर पार्श्वसंगीत ७५ ला घ्या. फरक कळत नाही आणि काप (दृश्य बदलण्याची जागा) ठोक्यावर बसवणं सोपं जातं. दोन्ही एकमेकांवर वाजत असतील तिथं मात्र तालाचं काहीही ठेवू नका, नुसते लांब स्वर. जुनी गाणी माणसांनी एकत्र बसून वाजवलेली असतात, लय थोडी पुढंमागं होतेच.

शाळेच्या मुलांसोबत लघुपट करतो आहे. जुन्या मराठी सिनेगीताचे फक्त दहा सेकंद वापरायचे आहेत, पैसे कमवायचे नाहीत, शेवटी श्रेयनामावलीत आभार मानू. चालेल ना? राष्ट्रसंतांचं भजन आणि सुरेश भटांची एक गझलही डोक्यात आहे.
— शिक्षक, दारव्हा, जि. यवतमाळ

दहा सेकंद, तीस सेकंद, आठ मात्रा असा कुठलाच सुटीचा नियम आपल्या कायद्यात नाही. तो सगळीकडे सांगितला जातो, पण प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ मध्ये शोधून सापडणार नाही. आभार मानल्यानं परवानगी मिळत नाही. पैसे न कमावणं हे भांडणात कामाला येईल, परवानगी म्हणून नाही. वर्गात शिकवण्याच्या ओघात काही वापरणं वेगळं. लघुपट महोत्सवाला पाठवला किंवा यूट्यूबवर चढवला की तो वर्गाबाहेर गेला.

एका सिनेगीतात तीन वेगळ्या मालमत्ता असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द आणि चाल यांचा हक्क त्या-त्या गीतकाराच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९६२ साली निघालेली तबकडी २०२२ च्या ३१ डिसेंबरला मोकळी झाली. पण त्यातली चाल आणि शब्द मोकळे झाले असं नाही. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत बांधलेले आहेत. गफलत नेमकी इथं होते : तबकडी जुनी दिसते म्हणून गाणंही मोकळं धरलं जातं.

तुमच्या बाकी दोन इच्छांचं गणित असं. तुकडोजी महाराजांचं निधन ऑक्टोबर १९६८ मधलं. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली भजनं २०२८ च्या ३१ डिसेंबरपर्यंत संरक्षित. गुरुदेव सेवा मंडळात गावोगाव खंजिरीवर म्हटली जातात म्हणून ती सिनेमासाठी खुली आहेत असं समजू नका. सुरेश भट २००३ साली गेले, त्यांच्या गझला २०६३ अखेरपर्यंत. तुकोबांचा अभंग मोकळा, ज्ञानेश्वरांची ओवी मोकळी. पण त्याच अभंगाला विसाव्या शतकातल्या संगीतकारानं लावलेली चाल मोकळी असेलच असं नाही. अभंग घ्या आणि चाल आपली बांधा, हा सगळ्यांत स्वस्त आणि सरळ मार्ग. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या, पण त्यांची गाणी त्यानंतर, १९५२ साली प्रसिद्ध झाली. अशा वेळी ६० वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात, म्हणून त्या संग्रहातल्या ओळी २०१३ पासून मोकळ्या आहेत. खानदेशी बोलीच्या असल्या तरी पेरणी, मळणी, मोट आपल्याकडे परकी वाटत नाही.

गाणं आपल्याच मुलांकडून गाऊन घेतलं तर फक्त ध्वनिमुद्रणाची परवानगी वाचते, शब्दांची आणि चालीची लागतेच. पाच वर्षं झालेल्या गाण्याची नवी आवृत्ती काढण्यासाठी कायद्यात परवान्याची एक सोय आहे. ती फक्त नव्या ध्वनिमुद्रणासाठी आहे, चित्राला गाणं जोडण्यासाठी नाही. मंडपात गाणी वाजवण्याचा परवानाही इथं कामाचा नाही.

परवानगी मागायची ती हक्क असलेल्या संगीत कंपनीकडे, लेखी. पत्रात सिनेमाचं नाव आणि लांबी, गाण्याचा कुठला भाग आणि किती सेकंद, दृश्यात काय चाललंय, कुठं दाखवणार, किती वर्षांसाठी हे सगळं एका पानात मांडा. फक्त महोत्सवांपुरती आणि एक-दोन वर्षांपुरती परवानगी मागितली तर रक्कम बरीच खाली येते. उत्तर यायला आठवडे लागतात, म्हणून पत्र चित्रीकरणाआधी टाका. शेवटच्या दृश्यात गाणं बेतून चित्रीकरण उरकायचं आणि मग परवानगी शोधायची, या क्रमानं पुष्कळ लघुपट कायमचे पेनड्राइव्हमध्ये पडून आहेत.

सिनेमात भुलाबाईची गाणी घ्यायची आहेत, आजीच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या आवाजात. यालाही कागद लागतो का? आणि घरात रेकॉर्डिंग कसं करू? पंख्याचा आणि वर्गातल्यासारखा घुमणारा आवाज येतो.
— मेहकर, जि. बुलढाणा

पारंपरिक गाण्याला कर्ता माहीत नसतो, शब्द आणि चाल तुमच्या-आमच्या सगळ्यांची. पण गाणाऱ्या बायांचा आपल्या गायनावर कलाकार म्हणून हक्क आहे, म्हणून कागद हवाच. साध्या मराठीत एक पान करा : कुठली गाणी, कुठल्या सिनेमासाठी, किती मोबदला, किती वर्षं, कुठल्या देशांत, ध्वनिमुद्रण स्वतंत्रपणे ऑनलाइन टाकणार की नाही. हक्क लिहून दिल्याशिवाय आणि देणाऱ्याच्या सहीशिवाय हस्तांतरित होत नाहीत. सही येत नसेल तर अंगठा आणि दोन साक्षीदार. मजकूर आधी मोठ्यानं वाचून दाखवा. तुमच्यासाठी संगीत करणाऱ्याशी आणि गीत लिहिणाऱ्याशी करार करतानाही एक खाच लक्षात असू द्या. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पाच वर्षांनी सिनेमा कुठं विकला गेला तर ही रिकामी जागा महागात पडते.

रेकॉर्डिंग माजघरात करा, स्लॅबच्या नव्या खोलीत नको. मागच्या आणि बाजूच्या भिंतीवर वाकळा टांगा, खाली सतरंजी. पंखा, फ्रीज बंद, फोन विमान मोडवर. फोन तोंडासमोर न धरता एक हातभर अंतरावर, हनुवटीच्या पातळीला आणि थोडा बाजूला ठेवा, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’चा फुत्कार माइकवर येत नाही. फाईल वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ. आवाज आपोआप कमीजास्त करण्याची सोय बंद करा, नाहीतर दोन ओळींच्या मधल्या शांततेत फोन खोलीतली सगळी सूं वर ओढतो.

पेटी देऊन ‘या सुरात गा’ म्हणू नका. आजी तिच्या सुरात गाईल, तो कुठल्याच पट्टीत बसणार नाही, आणि बसूही नये. बाया मिळून गायला लागल्या की कडव्यागणिक सूर थोडा चढतो. पार्श्वसंगीत नंतर करताना प्रत्येक कडव्याचा सा पुन्हा मोजा आणि तंबोरा तेवढा चढवत न्या. उलट केलंत, म्हणजे आजीचा आवाज सॉफ्टवेअरनं सरळ केलात, तर भुलाबाई जाऊन रिॲलिटी शो येतो. टिपऱ्या वेगळ्या घ्या, गाण्यासोबत नको. त्यांचा ठोका आवाजाच्या कितीतरी वर जातो आणि दोन्ही बिघडतात. आणि एक संपूर्ण फेरी कुणालाही न सांगता चालू ठेवा. गाणी संपल्यावर खिरापत ओळखण्याचा जो गलका होतो, तो सिनेमात गाण्यापेक्षा जास्त वेळा कामाला येतो.

लग्नाच्या सीनमध्ये दूरवर भोंगा वाजतो असं हवं. गाणं नुसतं हळू केलं तर भोंगा वाटत नाही, फक्त हळू वाटतं.
— रिसोड, जि. वाशिम

दूरचा आवाज फक्त लहान नसतो, त्याचा पट्टाही अरुंद असतो आणि तो उशिरा पोचतो. ४०० हर्ट्झच्या खालचं आणि ४ किलोहर्ट्झच्या वरचं कापा, १५०० ते २००० च्या दरम्यान ४-५ डेसिबल (डीबी) वाढवा, थोडा फाटका आवाज मिसळा, कारण मंडपवाला ॲम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळतोच. मग दुसरा भोंगा करा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. एक भोंगा ३४ मीटरवर आणि दुसरा १७० मीटरवर असेल तर दुसऱ्याचा आवाज ०.४ सेकंद मागे, म्हणजे २५ च्या चित्रात १० फ्रेम मागे. दुसऱ्याचा पट्टा आणखी अरुंद, आवाज ८-१० डीबी खाली. वारा दाखवायला दोन्हींची पातळी चार-पाच सेकंदांच्या हेलकाव्यानं वरखाली करा.

याहून खरा मार्ग म्हणजे खरा भोंगा. मंडपवाल्याकडून एक युनिट अर्ध्या दिवसासाठी घ्या, गाणं त्यावर वाजवा आणि २० आणि ८० मीटरवरून पुन्हा ध्वनिमुद्रण करा. सुरुवातीला एक टाळी, म्हणजे जुळवता येतं. १९७३ च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’साठी वॉल्टर मर्च यांनी हेच केलं होतं. गाणी मोकळ्या जागेत स्पीकरवर वाजवून पुन्हा टिपली आणि मूळ ट्रॅकमध्ये हवी तेवढी मिसळली. मूळ स्वच्छ गाणं एका ट्रॅकवर आणि भोंग्यातलं दुसऱ्यावर ठेवा. दृश्य लग्नातून नवरीच्या मनात शिरतं तेव्हा भोंग्याचा ट्रॅक उतरवत स्वच्छ ट्रॅक चढवायचा. इथं कुठं टाका पडला ते प्रेक्षकाला कळत नाही.

चित्रीकरण चालू असताना मात्र गाणं वाजवू नका. नाचणाऱ्यांना लय देण्यापुरते दहा सेकंद वाजवा, संवाद सुरू होताच बंद. संवादाच्या मागे गाणं अडकलं की प्रत्येक कापाला गाणं उडी मारतं. खऱ्या वरातीत शिरून चित्रीकरण करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. लग्नात आणि वरातीत गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे, ती सूट सिनेमात येत नाही. चित्राच्या पार्श्वभूमीत एखादं भित्तिचित्र सहज आलं तर कायदा ते चालवून घेतो. सहज आलेल्या गाण्यासाठी तशी तरतूद नाही.

झाडीपट्टीत नाटकांना ऑर्गन वाजवतो. आता एका फिल्मचं बॅकग्राउंड मिळालं. नाटकात प्रत्येक संवादावर साथ देतो, तशीच दिली तर डायरेक्टर म्हणतो जास्त होतंय. शिवाय त्यानं एका इंग्रजी सिनेमाचं म्युझिक लावून ठेवलं आहे आणि ‘असंच दे’ म्हणतो.
— सिंदेवाही, जि. चंद्रपूर

डायरेक्टर बरोबर बोलतोय, आणि तुम्हीही चुकलेले नाहीत. मंडपात शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाचा चेहरा दिसत नाही. ‘आता रड’ हे ऑर्गनला सांगावं लागतं, आणि रात्रभर जागलेल्या प्रेक्षकाला ते हवंही असतं. पडद्यावर चेहरा बारा फूट मोठा आहे. त्याच्यावर पुन्हा तार सप्तकात करुण वाजलं तर तेच दोनदा सांगितल्यासारखं होतं. संवादानंतर एक ठोका थांबा. नटाची नजर हलली की मग या, किंवा येऊच नका. ‘सैराट’च्या (२०१६) शेवटच्या दृश्यात संगीत नाही, आणि तो शेवट झाडीपट्टीतल्या प्रेक्षकालाही न वाजवता कळला.

कामाची पद्धत बदला. डायरेक्टरसोबत बसून पूर्ण सिनेमा पाहा आणि वहीत रकाने पाडा : संगीत कुठून कुठं (मिनिट, सेकंद), कशासाठी, सिनेमातल्या माणसाला ते ऐकू येतं की फक्त प्रेक्षकाला, आणि त्याच्या आधी-नंतर कुठलं गाणं आहे. शेवटच्या रकान्यात गाण्याचा सा आणि लय. वीस-बावीस मिनिटांच्या सिनेमाला सहा-सात मिनिटं संगीत पुष्कळ. वाद्यं तीन, स्वरवाक्यं दोन. स्वरवाक्य चार-पाच स्वरांचं असू द्या. ते गाण्यात शिरण्याआधी एकदा कानावर पडलं आणि गाण्यानंतर दुसऱ्या वाद्यावर आलं की गाणं उपरं राहत नाही. गाण्याची चालच उचलून पार्श्वसंगीतात फिरवायची असेल तर ती मुभा परवानगीच्या पत्रात वेगळी मागा.

कीबोर्डमधल्या तयार व्हायोलिनच्या आवाजावर भिस्त नको. सगळे स्वर एका दाबानं येतात म्हणून ते स्वस्त वाटतं. तो आवाज घ्यायचाच तर दोन्ही हातांनी स्वरमेळ न दाबता एकेक ओळ वेगळी वाजवा, प्रत्येक ओळीची पातळी पायानं किंवा बोटानं चढ-उतरवा. त्यापेक्षा जुन्या पायपेटीच्या भात्याचा श्वास माइकजवळ घ्या. तुमच्या हातात ते आहे, मुंबईच्या कीबोर्डवाल्याकडे नाही.

आता ‘असंच दे’ची गोष्ट. संदर्भ म्हणून लावलेल्या संगीताची सवय लागते आणि मग दुसरं काही बरं वाटत नाही. १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’साठी ॲलेक्स नॉर्थ यांनी संगीत लिहून ध्वनिमुद्रितही केलं होतं. स्टॅनली कुब्रिक यांनी संदर्भ म्हणून आधी लावलेल्या पाश्चात्त्य शास्त्रीय रचनाच ठेवल्या. डायरेक्टरला विचारा, ‘यातलं नेमकं काय आवडलं? लय, वाद्य, की ते उशिरा येतं हे?’ बहुतेकदा उत्तर लय किंवा उशीर असतं. तेवढं वहीत लिहा आणि तो ट्रॅक काढायला लावा. चाल जवळून नक्कल केली तर तीही चोरीच ठरते.

संगीत चढवलं की संवाद बुडतो, उतरवलं की मूड जातो. आमच्या फोनवर एक ऐकू येतं, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये दुसरंच. आकडे सांगा.
— वरुड, जि. अमरावती

संवाद आधी बसवा. त्याची शिखरं उणे १२ ते उणे १० डीबीच्या दरम्यान ठेवा आणि नंतर त्याला हात लावू नका. संवादाखालचं संगीत त्याच्यापेक्षा १२ ते १८ डीबी खाली. गाण्यात गायकाचा आवाज असेल तर आणखी ३-४ खाली, कारण दोन बोलणारे एकत्र आले की कान शब्दांच्या मागे धावतो. संवादाच्या वेळी गायकाचं कडवं टाळून वाद्यांचा तुकडा आणता आला तर उत्तम. एवढ्यावर मूड जात असेल तर पातळीऐवजी पट्टा हलवा. संगीतात १ ते ४ किलोहर्ट्झच्या दरम्यान ३ डीबीचा रुंद खळगा करा. शब्दांचं व्यंजन तिथंच असतं. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं.

फोनच्या स्पीकरला २०० हर्ट्झच्या खालचं फारसं येत नाही. तुमचा खर्जाचा तंबोरा फोनवर गायब होतो आणि हॉलच्या मोठ्या डब्यात गडगडतो. उपाय म्हणजे तोच स्वर एक आणि दोन सप्तक वर बारीक मिसळायचा. ९८ हर्ट्झचा असेल तर १९६ आणि ३९२. फोनवर मूळ स्वर नसला तरी कान तो भरून काढतो. हॉलमध्ये बहुधा एकच स्पीकर, म्हणून पूर्ण सिनेमा एकदा मोनो करून (डावा-उजवा आवाज एकत्र करून) ऐका. डाव्या-उजव्या बाजूला पसरवलेल्या काही परिणामांचे आवाज मोनोत एकमेकांना खाऊन टाकतात.

यूट्यूब उणे १४ एलयूएफएसपेक्षा (हे पूर्ण सिनेमाच्या सरासरी मोठेपणाचं माप) मोठा आवाज आपणच खाली आणतं, पण लहान आवाज वर चढवत नाही. ऑनलाइनसाठी एकूण पातळी उणे १६ च्या आसपास आणि शिखर उणे १ च्या वर नको. टीव्हीच्या प्रसारणाचं युरोपीय माप उणे २३ आहे. महोत्सव ज्याचं-त्याचं माप कळवतो, तेवढी एक प्रत वेगळी काढा. एकच प्रत सगळीकडे पाठवली की कुठंतरी फजिती ठरलेली. आणि मिक्स रात्री जेवण झाल्यावर एका बैठकीत संपवू नका. थकलेला कान उंच स्वर वाढवत जातो, सकाळी सगळं कर्कश निघतं.

मित्रानं व्हॉट्सॲपवर गाणं पाठवलं. एडिटिंगमध्ये ते वेगात आणि बारीक आवाजात वाजतं. शिवाय पाचव्या मिनिटापासून ओठ आणि आवाज जुळत नाहीत. दोन्हींचं कारण एकच आहे का?
— पवनी, जि. भंडारा

वेगळी आहेत. गाण्याची फाईल ४४.१ किलोहर्ट्झची आहे आणि तुमचा प्रोजेक्ट ४८ चा. रूपांतर न करता ती ४८ म्हणून वाचली गेली की वेग जवळजवळ ९ टक्के वाढतो आणि सूर दीड पट्टी चढतो. फाईल बाहेर ४८ ला रूपांतरित करून मग आत घ्या. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर दाबलेली प्रत हातात येते. ओठ सरकण्याचं कारण फोनचं चित्र. फोन अंधारात आणि तापल्यावर फ्रेमचा वेग आपणहून कमीजास्त करतो. एडिटिंगआधी सगळी चित्रं स्थिर २५ फ्रेममध्ये बदलून घ्या. अर्धं एडिटिंग झाल्यावर बदललंत तर सगळे काप पुन्हा बसवावे लागतील.